‘शेंगेन म्हणजे सगळं एकच हो, काकू’

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला श्टुटगार्टला जायचं होतं. बाळ आता पाच महिन्यांचं आहे आणि बाळंतपण जावयाने एकट्याने निभावलं. मधल्या काळात एका व्हिसा एजंटने आमचे ४९,००० रुपये खाल्ले.

जर्मनीची अपॉइंटमेंट मिळत नव्हती. रोज वेबसाइट उघडायची, रोज सगळ्या तारखा करड्या. कोणीतरी नाशिकमधल्याच या एजंटचं नाव सांगितलं. माणूस गोड. ह्यांना ‘सर’, मला ‘काकू’. म्हणाला, “जर्मनीच्या मागे कशाला लागता? बाल्टिककडच्या एका छोट्या देशाचा स्लॉट माझ्याकडे आहे. शेंगेन म्हणजे सगळं एकच. व्हिसा हातात आला की जा कुठेही.”

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच आम्ही फसलो. शेंगेन म्हणजे युरोपातले २९ देश, त्यांचा एकच व्हिसा असतो आणि आत शिरल्यावर सहसा पुन्हा शिक्के नाहीत, हे खरं. पण अर्ज कुठे करायचा हे आपल्या मर्जीवर नसतं. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा; दिवस सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. आम्ही साठ दिवस लेकीकडे राहणार होतो. म्हणजे जर्मनीच.

लेकीने तिकडच्या परदेशी नागरिक कार्यालयात २९ युरो भरून आमच्या तिथल्या खर्चाचं हमीपत्र काढलं होतं. त्याचं जर्मन नाव जावयाने मला तीनदा उच्चारून दाखवलं, तरी जमलं नाही. एजंट म्हणाला, “ते फाईलला लावूच नका, उगाच प्रश्न विचारतील.” आमच्या हातातला सर्वांत भक्कम कागद त्याने बाजूला काढला आणि त्या छोट्या देशातल्या हॉटेलचं नऊ रात्रींचं बुकिंग लावलं. बोटांचे ठसे देऊन आलो, दुसऱ्या दिवशी त्याने ते बुकिंग रद्द केलं. हे आम्हाला नंतर कळलं.

प्रत्येकी २२,००० ‘स्लॉट आणि फाईल’चे. वर प्रत्येकी २,५०० ‘ईटायस’ नावाचे, पावतीवर तसंच छापलेलं. ईटायस ही परवानगी ज्यांना व्हिसा लागतच नाही अशा अमेरिकन, जपानी वगैरे प्रवाशांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर व्हिसा काढणाऱ्याचा तिच्याशी संबंधच नाही. माणसी ९० युरोंची व्हिसा फी वेगळी, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. ३०,००० युरोंचा प्रवास विमा तेवढा खरा निघाला.

नकाराच्या छापील कागदावर खूण होती: मुक्कामाचा हेतू आणि तपशील पटण्याजोगा नाही. खरं सांगायचं तर पटण्याजोगा नव्हताच. फॉर्मवर सही माझी होती, एजंटचं नाव कुठेही नाही. तीस वर्षं मुलांना ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ म्हणून सांगत आलेली मी मास्तरीण.

त्यावर हा एजंट म्हणतो, “काळजी नको, आता दुसऱ्या देशात टाकू, त्यांना जुनं कळत नाही.” इथे मात्र सगळं खरोखरच एकच असतं. ठसे आणि नकार या देशांच्या सामायिक संगणकात जातात, नकाराची नोंद पाच वर्षांपर्यंत राहते. पैसे मागितले तर फोन उचलणं बंद. जीपेने पाठवलेली रक्कम त्याच्या बायकोच्या खात्यात गेलेली. पोलिसांत तक्रार दिली आहे.

जर्मनीची अपॉइंटमेंट शेवटी लेकीने तिथे बसून रात्री उशिरा पकडली, आणि त्या स्लॉटला वेगळा एक रुपयाही पडला नाही. अर्जासोबत मी साध्या भाषेत पत्र जोडलं: आधी काय झालं, चूक कोणाची, नऊ रात्री खोट्या होत्या. लेकीचं हमीपत्र सहा महिन्यांच्या आतलं होतं, ते यावेळी सगळ्यात वर लावलं.

परवा पासपोर्ट आले. स्टिकरवर मुदत पंचाहत्तर दिवसांची, पण मुक्कामाच्या रकान्यात ६०. हे दोन आकडे वेगळे असतात आणि राहायचं ते मुक्कामाच्या आकड्यावर, हे मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. उतरायचा दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही मोजले जातात. ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि परतीचं तिकीट अठ्ठावन्नाव्या दिवसाचं काढलं.