‘इन्सुलिन कॅप्सूल’ मागवली, कामाला आली ती फक्त बरणी

पाचपैकी एक स्टार, तोपण शून्य देता येत नाही म्हणून. ज्यांच्या घरी शुगरचं पेशंट आहे त्यांनी जरा पूर्ण वाचा, ही जाहिरात तुमच्या मोबाईलवर आज ना उद्या येणारच आहे.

आईला शुगर होऊन चौदा वर्षं झाली, त्यातली पाच इन्सुलिनवर. सकाळी १८ युनिट, रात्री १२, लाल टोपणाची सिरिंज, पोटावर टोचायचं. कधी तक्रार केली नाही तिनं, पण गेल्या दिवाळीपासून टोचताना डोळे गच्च मिटायला लागली, "थांब रे, जरा वेळानं घेते" करत करत ताटातली भाकरी गार व्हायची. त्यात पंढरपूरच्या मावशीनं व्हिडिओ पाठवला. पांढरा कोट घातलेला एकजण सांगतोय, सुई विसरा, परदेशात शोध लागलाय, आता इन्सुलिन कॅप्सूलमधून. खाली लिंक. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत ऑर्डर टाकून मोकळा. ६० कॅप्सूल, १,४९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी. नाव लिहीत नाही, नाहीतरी हीच बरणी तीन वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेली मी नंतर बघितली.

चौथ्या दिवशी पार्सल आलं, पॅकिंग एकदम झकास. पुढं मोठ्या अक्षरात इन्सुलिन, त्याखाली बारीक अक्षरात सपोर्ट, आणि मागं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात जांभूळ बी, कारलं, मेथी, गुडमार. म्हणजे आत इन्सुलिनचा थेंबसुद्धा नाही. हे मी नंतर वाचलं, ती चूक माझी. आईनं मात्र कॅप्सूल आली म्हटल्यावर मला न सांगताच रात्रीचं इंजेक्शन बंद केलं, दुसऱ्या दिवशी सकाळचंही. पाचव्या दिवशी सारखं पाणी पाणी, रात्री चारदा बाथरूम, मशीन लावलं तर ३८६. डॉक्टर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्याच दिवशी इन्सुलिन परत चालू केलं आणि दोन-तीन दिवसांत आकडा खाली आला. जांभूळ-कारल्याशी माझं काही भांडण नाही, कारल्याची भाजी आमच्यात आठवड्याला होतेच, भांडण त्या पुढच्या मोठ्या अक्षरांशी आहे.

दवाखान्यातून येताना सात रस्त्याजवळच्या आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्यापुढं बरणी ठेवली. (हा खरा पाच स्टारवाला माणूस.) त्यानं ती फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाला, "मालक, हे ह्या महिन्यातलं चौथं गिऱ्हाईक. खरी कॅप्सूल आली असती तर मी हा फ्रिज कशाला चालवत बसलो असतो?" दुपारची वेळ, गर्दी नव्हती, मग नीट समजावून सांगितलं. इन्सुलिन म्हणजे प्रोटीन, ५१ अमिनो ॲसिडचं. पोटात गेलं की ॲसिड आणि पेप्सिन मिळून त्याचे तुकडे करतात, आपण खाल्लेल्या अंड्याचे करतात तसेच. बरं, वरून कोटिंग देऊन पोटातून वाचवलं तरी आतड्याच्या भिंतीतून एवढा मोठा रेणू सहजासहजी पलीकडं जात नाही. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्या पेशंटला टोचलं, तेव्हापासून जग टोचतंय ते ह्याच्यामुळं, हौस म्हणून नाही.

मग मलाच किडा चावला, रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीनं खरंच इन्सुलिनची गोळी केलेली, ५० पेशंट, ८ आठवडे, २०१९ मध्ये निकाल छापून आला, शुगर इंजेक्शनएवढीच उतरली होती. पण गोळीत घातलेलं बहुतेक इन्सुलिन वायाच जायचं, त्यामुळं इतकं जास्त घालावं लागायचं की ते परवडेना, काम थांबवलं. इस्रायलच्या ओरामेडची कॅप्सूल तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचली आणि जानेवारी २०२३ मध्ये कळलं, औषध नसलेल्या कॅप्सूलपेक्षा काही वेगळा फरक पडेना. आपल्या बेंगळुरूच्या बायोकॉननंही ह्यात बरीच वर्षं घातलीत. मला सगळ्यात भारी वाटली ती अमेरिकेतल्या एमआयटीवाल्यांची, तीपण २०१९ चीच. वाटाण्याएवढी कॅप्सूल, आकार आफ्रिकेतल्या एका कासवाच्या पाठीसारखा, पोटात कशीही पडली तरी आपोआप बुडावर बसते, मग आतली साखरेची चकती विरघळते, स्प्रिंग सुटते आणि वाळवलेल्या इन्सुलिनची केलेली बारीक सुई जठराच्या भिंतीत घुसते. डुकरांवर करून बघितलं तेव्हा शुगर उतरली. म्हणजे बघा, एवढं डोकं लावून कॅप्सूल केली आणि आत घातली काय तर सुईच! आईला सांगितलं तर म्हणते, "मग माझी बाहेरून आहे ती काय वाईट?"

आमच्या शेजारचे काका म्हणतात मी तर इन्सुलिनची गोळीच खातो की. ती सेमाग्लुटाइड आहे काका, इन्सुलिन नाही, वेगळं हार्मोन. ती सकाळी रिकाम्या पोटी, अर्धा कप पाण्यावर घ्यायची आणि पुढं निदान अर्धा तास चहासुद्धा नाही, एवढं करून रक्तात जेमतेम १ टक्क्याच्या आसपास पोचते. आईचं इन्सुलिन बंद करून तिला ती द्यायचा सल्ला काकांनी दोनदा दिला, दोनदा ऐकून सोडून दिला.

असो, खरी भानगड निघाली वेगळीच. मेडिकलवाल्यानं सहज विचारलं, मावशी, एक सिरिंज किती दिवस चालवता? आई म्हणाली, "टोक वाकेपर्यंत." डॉक्टरांनी पोट चाचपलं तर बेंबीच्या उजव्या अंगाला लिंबाएवढी मऊ गाठ, रोज तिथंच टोचून टोचून झालेली, आणि तिथलं इन्सुलिन धड शोषलं जात नाही, म्हणून शुगर एक दिवस वर तर एक दिवस खाली. डॉक्टरांनी सिरिंजऐवजी इन्सुलिनचं पेन दिलं, ४ मिलिमीटरची सुई, आणि आता चांगल्या जागेवर जास्त लागू पडेल म्हणून डोस थोडा कमी केला. मेडिकलवाल्यानं काउंटरवरच शिकवलं, आधी २ युनिट हवेत सोडून बघायचे, टोचलं की बटण दाबून दहा आकडे मोजायचे, उद्याची जागा आजच्यापासून बोटभर लांब. पहिल्यांदा टोचल्यावर आईनं पोटाकडं बघत विचारलं, "गेली का आत?"

पेनचीपण तक्रार आहेच, सुई रोज नवीन लावायची म्हणजे महिन्याचा खर्च वाढलाय आणि पेनच्या खिडकीतला डोसचा आकडा इतका बारीक की आईला दिसत नाही, ती कानाजवळ धरून टकटक मोजते.

कॅप्सूलवाल्यांनी रिफंड दिला नाही, नंबर आता लागतच नाही. बरणी तेवढी मजबूत आहे, जाड प्लॅस्टिक, फिरकीचं झाकण. कॅप्सूल फेकल्या आणि वापरलेल्या सुया त्यात टाकतो, भरली की मेडिकलवाला विचारून देणार आहे कुठं जमा करायची ते.