‘अमेरिकन रेलरोड’ अल्बम: घ्यावा, पण पहिल्या तासाला लावू नये

सिल्करोड या वाद्यवृंदाचा ‘अमेरिकन रेलरोड’ हा अल्बम नॉनसच कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये काढला. अमेरिकेतल्या रेल्वेचा इतिहास सहावी ते नववीच्या मुलांना शिकवायचा असेल तर तो घ्यावा का? जरूर घ्यावा. फक्त पहिल्याच तासाला लावू नये. तसं केलं की मुलांना वाटतं, 1860 च्या दशकात, रेल्वे बांधली जात असताना, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरात हेच संगीत घुमत होतं. ही समजूत एकदा बसली की नंतर निघता निघत नाही.

सिल्करोड 1998 मध्ये चेलोवादक योयो मा यांनी सुरू केला. 2020 पासून कलादिग्दर्शक आहेत रियॅनन गिडन्स, बॅन्जोवादक आणि गायिका. या प्रकल्पात पिपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान, हार्पवर मेव्ह गिलक्रिस्ट, तालवाद्यांवर हारुका फुजी, तबल्यावर संदीप दास, आणि टस्करोरा या मूळ रहिवासी जमातीच्या वंशातल्या गायिका प्युरा फे अशी मंडळी आहेत. विषय एकच: रेल्वे ज्यांनी बांधली आणि ज्यांच्या जमिनीवरून ती गेली, ती माणसं. पण यातल्या बऱ्याच रचना आजच्या संगीतकारांनी नव्याने केलेल्या आहेत, आणि जुनी गाणीसुद्धा नव्या बांधणीत येतात. म्हणजे हे त्या काळावरचं भाष्य आहे, त्या काळचा पुरावा नव्हे. अल्बमचं खरं मोल यातच आहे, मात्र शिक्षकाने हा फरक मुलांपुढे उघड मांडला पाहिजे.

नव्या रचनांची गरज का पडली, हा प्रश्न वर्गात आवर्जून विचारावा. एडिसनचा फोनोग्राफ आला 1877 मध्ये. पहिला आंतरखंडीय लोहमार्ग युटामधल्या प्रोमोंटरी समिट इथे जोडला गेला 10 मे 1869 रोजी. त्यामुळे त्या मार्गावर राबलेल्या माणसांचा कामावरचा आवाज कुठेही ध्वनिमुद्रित झालेला असणं शक्यच नाही. या मार्गाचा पश्चिमेकडचा भाग बांधणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या मजुरांपैकी ऐन भरात सुमारे नव्वद टक्के चिनी होते. तरी त्यांच्यापैकी कुणीही लिहिलेलं पत्र किंवा रोजनिशी अजून हाती आलेली नाही. गाणी तर दूरच.

कृष्णवर्णीय गँगमनांची, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या मजुरांची, गोष्ट वेगळी. रुळांची कामं यंत्रांकडे जाण्याआधी ध्वनिमुद्रणाची साधनं आली होती, म्हणून त्यांची गाणी वाचली. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन भांडारात फुकट ऐकता येतात, डाउनलोडही करता येतात. पहिल्या तासासाठी सगळ्यात कामाची चीज म्हणजे जून 1939 मध्ये जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा इथे लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी स्वतः गाऊन मुद्रित केलेली रूळ सरकवण्याची गाणी. त्या नुसत्या गात नाहीत, मध्ये थांबून काम समजावून सांगतात. एका रुळाचं वजन साधारण नऊशे पौंड, म्हणजे चारशे किलोच्या वर. तो पहारींनी जागेवर आणताना गाणं कसं चालतं, हे त्यांच्याच तोंडून कळतं.

दोन अडचणी आहेत. जुन्या तबकड्यांची खरखर मोबाइलच्या बारीक स्पीकरवर दुप्पट वाटते. मोठा स्पीकर लावून ट्रेबल उतरवला की शब्द बरेच स्वच्छ होतात. तरीही गाण्याचे शब्द कागदावर छापून द्यावेत, नाहीतर मुलं दुसऱ्या मिनिटाला कंटाळतात. दुसरं असं की कामावरच्या गाण्यांत अश्लील कडवी सर्रास असतात, आणि त्या काळच्या नोंदींत वंशवाचक शिव्याही. आधी पूर्ण ऐकल्याशिवाय वर्गात काही लावू नये.

मग हे गाणं हातांनी करून पाहावं. रेल्वेगाड्यांच्या धक्क्याने आणि उन्हाने रूळ वाकतो, ओळीतून बाहेर जातो. त्याला सरळ करायला गँगमन पाच-सहा फुटी पोलादी पहारी रुळाखाली घालून एका दमात रेटतात. एकट्याच्या जोराने काही होत नाही. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागला तरच रूळ इंच-दोन इंच सरकतो. हा क्षण ठरवून देतो तो गाणारा, कॉलर. त्याच्या कडव्याच्या ओळींवर पहारी नुसत्या रुळावर वाजतात, अंग सैल राहतं, आणि पालुपदावर रेटा बसतो. मुकादम लांब उभा राहून डोळा रुळाच्या ओळीत धरतो आणि हाताने खूण करतो.

वर्गात यासाठी व्यायामशाळेतली जाड मॅट पुरते. जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवायची, मॅट तिच्यापासून वीतभर मागे ठेवायची. आठ मुलं लांब बाजूला गुडघ्यांवर बसून तळवे कडेला लावतात, नववा मुकादम, दहावा कॉलर. फरशी गुळगुळीत असेल तर मॅट भलतीच सहज घसरते आणि गाण्याची गरजच कळत नाही, म्हणून वर दोन मुलं बसवावीत. आधी गाण्याशिवाय ढकलायला सांगावं. निम्मी मुलं आधी सुटतात, एक कोपरा पुढे जातो, मॅट तिरकी होते. मग कॉलर गातो. ठेका मिनिटाला सत्तरच्या आसपास असावा. यापेक्षा जलद गेलं की मुलांना श्वास घ्यायला जागा उरत नाही आणि ती प्रत्येक ठोक्यावर ढकलू लागतात. ही इथली हमखास चूक. रेटा फक्त पालुपदावर, हे कॉलरला चार-पाचदा बजावावं लागतं. दुसरी चूक म्हणजे कॉलरही ढकलायला खाली बसतो. त्याने उभंच राहायचं. त्याची कला म्हणजे माणसं दमली की ठेका ओढून धरणं, हसू आणणारं कडवं तिथल्या तिथे जोडणं. अलाबामाचे असे दोन कॉलर, जॉन हेन्री मीलिंग आणि कॉर्नेलियस राइट ज्युनियर, यांना 1996 मध्ये लोककलावंतांसाठीची अमेरिकेची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली, हेही सांगावं. मजुरी आणि कला हे दोन वेगळे कप्पे आहेत असं मुलं धरून चालतात.

इतकं झाल्यावर अल्बम काढावा, आणि सुरुवात गिडन्स यांनी गायलेल्या स्वॅनानोआ बोगद्याच्या गाण्यापासून करावी. वेस्टर्न नॉर्थ कॅरोलायना रेल्वेचा हा बोगदा 1,832 फुटांचा, 11 मार्च 1879 रोजी आरपार झाला. खणणारे बहुतांश कृष्णवर्णीय कैदी होते, राज्याने रेल्वेच्या कामाला जुंपलेले. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवलेला आहे, त्या फटीतून ही वेठबिगारी चालली. कित्येक जण तिथेच मेले.

हे घणाचं गाणं आहे. छिन्नी धरणारा एक, घण मारणारा दुसरा. प्रत्येक घावानंतर धरणारा छिन्नी थोडी फिरवतो, नाहीतर ती खडकात अडकते. घण वेळेआधी आला तर त्याचा हात गेलाच. म्हणून ओळीच्या शेवटी जो विराम येतो तो शोभेचा नाही, तिथे घाव पडतो. मुलांना शब्दांच्या कागदावर पेन्सिलीने त्या जागी खुणा करायला लावाव्यात आणि मग अल्बममधली बांधणी ऐकवावी. 1916 मध्ये इंग्रज संग्राहक सेसिल शार्प यांनी हेच गाणं डोंगरातल्या गोऱ्या गायिकांकडून ऐकून लिहून घेतलं. पुढे ते गोऱ्यांचं पहाडी लोकगीत म्हणूनच पसरलं, कैद्यांचा संबंध झाकला गेला. गिडन्स यांनी तो परत जोडला, आणि अल्बममधला सगळ्यात भरीव भाग हाच आहे.

चिनी आणि आयरिश मजुरांचा भाग जोडीने घ्यावा. 28 एप्रिल 1869 रोजी सेंट्रल पॅसिफिकने एका दिवसात 10 मैल 56 फूट रूळ टाकले. रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावं नोंदलेली आहेत. त्या दिवशी घाम गाळणाऱ्या हजारो चिनी मजुरांची नाहीत. याच चिनी मजुरांपैकी सुमारे तीन हजारांनी 25 जून 1867 रोजी संप केला होता. पगार महिना 40 डॉलर हवा आणि कामाचे तास कमी हवेत, ही मागणी. कंपनीचे चार्ल्स क्रॉकर यांनी डोंगरावर जाणारा शिधा तोडला आणि आठवडाभरात संप मोडला.

गिलक्रिस्ट यांची आयरिश मजुरांवरची हार्परचना सुरेख आहे, पण वर्गात ती लवकर पार्श्वसंगीत होऊन बसते. दोन मिनिटं पुरे. वू मान यांच्या पिपावादनाला जास्त वेळ द्यावा, आणि जास्त सावधगिरीही. ही मैफलीची, वर्षानुवर्षं घोटलेली पिपा आहे. मजूर आले होते दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगच्या खेड्यांतून, कँटनीज बोलीभाषा बोलणारे. तंबूत रात्री असंच वाजत असेल असं सुचवणंही चूक. त्याऐवजी 1911 आणि 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये छापल्या गेलेल्या कँटनीज पद्यांची इंग्रजी भाषांतरं आधी वाचावीत. ती रेल्वेनंतर चाळीस वर्षांची आहेत हे सांगूनच वाचावीत, पण घराची ओढ, कर्ज, अपमान हे सगळं त्यांत स्वतःच्या शब्दांत आहे. त्यानंतर पिपा वेगळी ऐकू येते. कागदपत्रं, छायाचित्रं आणि पाठांचे आराखडे हवे असतील तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चिनी रेल्वे मजुरांवरच्या प्रकल्पाने ते मोफत ठेवले आहेत, आणि चांगले आहेत.

1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद झाल्यावर वायव्येकडच्या रेल्वे कंपन्यांनी जपानी मजूर आणले. हारुका फुजी यांची रचना खडी ठासण्याच्या जपानी गाण्यांवर बेतलेली आहे. मॅटचा खेळ झालेला असेल तर इथे मुलांचे कान आपोआप टवकारतात. रूळ सरळ झाला की स्लीपरखाली खडी ठासावी लागते, नाहीतर तो पुन्हा सरकतो. काम बदललं की ठेकाही बदलतो. इथे एकदम रेटा नसतो, सलग ठोकत राहायचं असतं. दोन्ही ठेके लागोपाठ हातांनी वाजवून घ्यावेत. तबल्याचं अंग असलेलं मूल वर्गात असेल तर ते दोन्हींची लय झटकन पकडतं.

मूळ रहिवाशांचा भाग मात्र हातांनी करून पाहण्याचा नव्हे. ढोलावर धम-धम ठेका आणि पाच सुरांची चाल घेऊन ‘इंडियन गाणं’ रचायला सांगणं हा जुना शालेय उद्योग आहे. तो ठेका हॉलिवूडचा आहे, कुठल्याही जमातीचा नाही. शिवाय कित्येक गाणी विधीची असतात आणि ती कुणी, कधी गायची याचे नियम असतात. इथे फक्त ऐकायचं. सोबत आकडे ठेवावेत: 1862 च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने दर मैलामागे जमिनीचे 10 चौकोन कंपन्यांना दिले, प्रत्येक 640 एकरांचा. 1864 मध्ये ते दुप्पट केले. 1862 च्याच कायद्यात मार्गातल्या जमातींचे जमिनीवरचे हक्क सरकारने संपवायचे, असं कलमच आहे. नकाशावर एक मैल आखून त्याच्या दोन्ही बाजूंचे चौकोन मुलांकडून रंगवून घेतले की आकडा डोळ्यांना दिसतो.

ओग्लाला लकोटा कलाकार सुझॅन काइट यांची रचना मुलांना सगळ्यात अवघड जाते, कारण तिच्यात गुणगुणता येईल अशी चाल नाही. तीन मिनिटांनंतर चुळबुळ सुरू होते. नकाशा रंगवता रंगवता लावली तर ती टिकते. या भागात एक भर शिक्षकाने स्वतः घालावी. मूळ रहिवासी म्हणजे फक्त रेल्वेखाली चिरडले गेलेले, असं चित्र अपुरं आहे. न्यू मेक्सिकोतल्या लगुना पुएब्लो या जमातीने 1880 मध्ये आपल्या जमिनीतून रूळ जाऊ देण्याच्या बदल्यात रेल्वेत नोकऱ्या ठरवून घेतल्या. पुढे कॅलिफोर्नियातल्या रिचमंड यार्डात मालडब्यांची घरं करून राहिलेल्या लगुना कुटुंबांनी तिथेही आपले सणाचे नाच चालू ठेवले.

मेक्सिकन मजुरांचा, ट्रॅकेरोंचा, धागा या अल्बममधून पुरेसा हाती लागत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नैऋत्येकडचे रूळ त्यांच्याच जिवावर चालत होते. त्यांच्या कोरिडो गाण्यांत, म्हणजे घटना सांगणाऱ्या मेक्सिकन गाथागीतांत, तारीख, गाव, मुकादम, मजुरी असं सगळं येतं, इतिहासाच्या शिक्षकाला आणखी काय हवं? यूसीएलए विद्यापीठाच्या फ्रॉन्टेरा संग्रहात अशी हजारो मुद्रणं आहेत, पण विद्यापीठाबाहेरून बहुतेकांचा सुरुवातीचा तुकडाच ऐकू येतो. त्यामुळे शब्द आणि भाषांतर आधी जुळवून ठेवावं लागतं.

‘आय हॅव बीन वर्किंग ऑन द रेलरोड’ हे शाळाशाळांतून गायलं जाणारं गाणं मात्र मजुरांचं म्हणून शिकवू नये. ते छापलं गेलं 1894 मध्ये प्रिन्स्टनच्या विद्यार्थी-गीतांच्या पुस्तकात, कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करून. घ्यायचंच असेल तर नक्कल कुणी, कुणासाठी केली हे शिकवायला घ्यावं.

अल्बम स्ट्रीमिंगवर ऐकला तर रचनांमागची माहिती सोबत येत नाही, ती शोधून प्रत्येक रचनेला चार ओळींचा कागद करावा. सगळं नीट करायला चार तास लागतात. ज्यांच्याकडे एकच तास आहे त्यांनी अल्बमवर खर्च करू नये. हर्स्टन यांचं मुद्रण, मॅट आणि स्वॅनानोआ बोगद्याची हकिकत एवढ्यावरच तो तास भरतो.