माळ्यावरचा कोरा डिशवॉशर की नवा?
शाहूपुरीत एका माळ्यावर खोक्यातच राहिलेला, कधीच न जोडलेला जुना अमेरिकन डिशवॉशर बघितला. त्याचं जाडजूड अंग बघून जीव अडकला. पण न वापरलेला म्हणजे ताजा नव्हे. पडून पडून रबरी सील, पाइप कडक होतात, पंप अडकतो. शिवाय तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं), आपल्याकडं वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. म्हणून मोटर हळू फिरते.

नवा २३० व्होल्टवर सरळ चालतो, १०-१२ लिटर पाण्यात भागवतो. बोअरच्या जड पाण्यासाठी बऱ्याच मॉडेलांत पाणी मऊ करायला मिठाचा कप्पाही असतो. तांबड्या रश्श्याचा तवंग दोन्हीकडं गरम पाणी आणि डिटर्जंटनंच सुटतो. रोजच्याला मी नवाच घेईन. जुना मात्र भंगारात घालू नका. सील बदलून, गळती बघत एकदा चालवाच.