टिपरे, श्रीमान श्रीमती की हम पांच: मे महिन्यात गावच्या घरी काय लावायचं?

एप्रिल सरत आला की मुंबईहून आत्येभावाचा फोन येतोच, पोरांना घेऊन येतोय म्हणून, आणि यंदा त्याने पुढे विचारलं की रात्री जेवणं उरकल्यावर सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं काहीतरी सुचव, जुनं, स्वच्छ, आजीलाही चालेल आणि नववीतल्या पोरीलाही. आमचं घर मालवण तालुक्यात, मे महिन्यात घरात चौदा-पंधरा माणसं, त्यामुळे हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहितोय, कारण असाच प्रश्न बऱ्याच घरांत पडत असणार.

माझं मत आधीच सांगतो, मालिकेपेक्षा नट बघून ठरवा. आधी चार-पाच भाग बघा, त्या माणसाची सवय होऊ द्या, मग त्याचंच एखादं वेगळं काम लावा. ही जोडी जमली की घरातली माणसं झोपायला उठत नाहीत, हे मी दोन-तीन मे महिने बघितलंय.

पहिला पर्याय, श्रीयुत गंगाधर टिपरे. २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झाली, केदार शिंदेंचं दिग्दर्शन, आणि मूळ दिलीप प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकात. मध्यमवर्गीय घर, आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, दोन नातवंडं, बस. राजन भिसे आणि शुभांगी गोखले इतके खरे वाटतात की ते कुठेतरी शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहत असावेत असं वाटायचं. प्रभावळकरांचा जन्म १९४४ चा, म्हणजे आबा करायला घेतले तेव्हा ते जेमतेम ५७ चे होते. तरी ते खुर्चीत टेकताना आधी हात मागे नेऊन खुर्ची चाचपतात ना, ते बघून आमची आजी म्हणाली, "ह्यो म्हातारो आपल्या भाऊंसारोच करता मा!" भाऊ म्हणजे माझे चुलत आजोबा, ते तिथेच सुपारी कातरत बसले होते आणि त्यांनाही ते पटलं.

आता प्रभावळकरांचं दुसरं काम कुठलं लावायचं हे ठरवायलाच वेळ लागतो, इतकं आहे. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिमणराव, सोबत बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ, आमच्या वडिलांची पिढी अजून त्यावर बोलते. रंगभूमीवर 'हसवाफसवी'त एकट्याने सहा भूमिका. १९९१ चा 'चौकट राजा', १९९३ च्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू, २००६ मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी, ज्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तात्या विंचू आणि गांधीजी एकाच माणसाने केलेत हे नववीतल्या पोरीला सांगून बघा, ती आधी मानणारच नाही.

पण कोकणातल्या घरात बसून बघायचं असेल तर माझ्या मते उत्तर एकच, 'नारबाची वाडी', २०१३. मूळ गोष्ट मनोज मित्रा यांच्या बंगाली नाटकाची, आदित्य सरपोतदारांनी ती कोकणात आणली आणि ती इथलीच होऊन गेली. खोताला नारबाची वाडी हवीय, नारबा जिवंत असेपर्यंत द्यायला तयार नाही, मग खोत त्याला दरमहा पैसे लावून देतो, मेल्यावर वाडी माझी या बोलीवर, आणि म्हातारा काही मरत नाही. मनोज जोशींचा खोतही जबरदस्त आहे. आमच्याकडे हा सिनेमा लावला तेव्हा सुरुवातीला भाऊंचं लक्ष सुपारीतच होतं. नारबा झाडांशी बोलायला लागला तसा त्यांचा हात थांबला, अर्धी कातरलेली सुपारी तशीच आडकित्त्यात, आणि शेवटपर्यंत ती तिथेच राहिली. भाऊंनी स्वतः पोफळी शिंपून वाडी उभी केलीय, त्यामुळे त्यांना त्या माणसाबद्दल काही समजावून सांगायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा लवकर वाडीत गेले, एवढंच मी बघितलं.

आणि २०२५ मध्ये 'दशावतार' आला, त्यात ते ८१ व्या वर्षी दशावतारी कलाकार बाबुली मेस्त्री झाले. आपल्याकडे कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार बघत वाढलेली माणसं या बाबतीत फार कडक असतात, संवाद लिहिलेला नसतो, नट उभ्या उभ्या बोलतो, रंग स्वतःच लावतो, त्यामुळे खोटेपणा लगेच दिसतो. आमच्या वाडीतल्या माणसांनी त्यांना आपला मानलं, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला माहीत नाही.

दुसरा पर्याय श्रीमान श्रीमती, १९९४, दूरदर्शन. जतीन कनाकिया, रीमा लागू, राकेश बेदी, अर्चना पूरन सिंग. दोन शेजारी जोडपी, प्रत्येक नवऱ्याचं लक्ष दुसऱ्याच्या बायकोवर, आज बघताना हा विनोद मला थोडा जुना वाटतो आणि आजीसमोर पोरींबरोबर बघताना मधे मधे अवघडल्यासारखं होतं, हे आधीच सांगून ठेवतो. पण रीमाताईंच्या कोकिलासाठी बघावी. त्याच वर्षी 'तू तू मैं मैं'मध्ये त्या सासू झाल्या, समोर सून सुप्रिया, दिग्दर्शन सचिनचं. माझ्या आईची पसंती ही दुसरी, आणि घरात सासू-सून दोघी बसणार असतील तर मीही हीच सुचवेन, दोघी एकाच वेळी हसतात.

रीमाताईंचं दुसरं काम म्हणून 'वास्तव' लावा, १९९९. संजय दत्त त्यांच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने लहान आणि त्या त्याची आई, तरी एका क्षणालाही शंका येत नाही. शेवट सांगत नाही, ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी. रंगभूमीवर 'पुरुष'मधली त्यांची अंबिका बघितलेली माणसं अजून तिच्याबद्दल बोलतात, ते नाटक लिहिणारे जयवंत दळवी आपल्या आरवलीचे. १८ मे २०१७ ला त्या गेल्या. आई तेव्हा खळ्यात आमसुलं करत होती, रातांब्याची सालं रसात बुडवून परत उन्हात पसरायची, हात मनगटापर्यंत लाल. मोबाईलवर वाचून मी सांगितलं तर ती तशीच थांबली, लाल हात पदराला लागू नयेत म्हणून वर धरलेले, आणि डोळे पुसायला माझ्या बहिणीला बोलावलं.

हम पांच, १९९५, झी टीव्ही. बच्चेकंपनी जास्त असेल तर डोळे झाकून हीच लावा. पाच मुली, त्रासलेला बाप आणि भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी पहिली बायको. ती फोटोतली बायको म्हणजे प्रिया तेंडुलकर, जी १९८५ मध्ये 'रजनी' होऊन सामान्य माणसासाठी भांडत होती. पाच मुलींपैकी राधिका काही भागांत विद्या बालनने केलीय, तिला ओळखल्यावर पोरी जो आरडाओरडा करतात त्यासाठीसुद्धा बघायला हरकत नाही. अशोक सराफ यात बहुतेक वेळ नुसते ऐकतात आणि चेहरा करतात, त्या चेहऱ्यावरच मालिका चालते. अडचण एकच, अशोकमामांची बाकीची कामं आपल्याला पाठ आहेत, 'बनवाबनवी'तलं कुठलंही वाक्य अर्धं म्हणा, पुढचं अर्धं घरातलं कोणीही पूर्ण करेल. म्हणून त्यांच्यासोबत 'कळत नकळत' लावा, १९८९, तिथला मामा फार हळवा आहे आणि भाचीसाठी ते स्वतः गायलेत. नाहीतर 'चौकट राजा', त्यात अशोकमामा आणि प्रभावळकर दोघंही आहेत.

साराभाई वर्सेस साराभाई मला स्वतःला खूप आवडते, सतीश शाह तर 'ये जो है जिंदगी'पासून, ज्यात ते दर भागात वेगळा माणूस व्हायचे. पण आमच्या आजीला त्यातलं निम्मं पोचलं नाही, त्यातली सासू माया बोलते ते अर्धं इंग्रजी, त्यामुळे मुंबईला परत गेल्यावर ती मालिका बघा. सोबत त्यातल्याच सुमीत राघवनने केलेले डॉ. श्रीराम लागू, 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर'मधले.

आत्येभावाला शेवटी सांगितलं की टिपरे. पहिल्या रात्री दोनच भाग, जास्त नको, आंब्याच्या पेट्या भरून सगळे दमलेले असतात. नारबा तिसऱ्या-चौथ्या रात्री, आणि सगळे भाग आधीच डाऊनलोड करून आण, इथे वळवाचा पाऊस आला की रेंज जाते. भाऊंची खुर्ची पुढे ठेवायची, त्यांना आता कमी ऐकू येतं.