बेळगावच्या घरात डक्टचा सेंट्रल एसी: आठ महिन्यांच्या वापरानंतर खर्चाचा हिशेब

मार्च ते ऑक्टोबर, म्हणजे उन्हाळा, वळीव, पावसाळा आणि ऑक्टोबरचा उकाडा असं सगळं एकदा होऊन गेल्यावर हे लिहितोय. शहापूर भागातलं नवं दुमजली घर. एसीखालची जागा ९०० चौरस फूट: खाली हॉल आणि डायनिंग मिळून ४२०, वर तीन बेडरूम मिळून ४८०. प्रत्येक मजल्याला तीन टनाचं एक इन्व्हर्टर डक्टेबल मशीन, म्हणजे सिलिंगमधल्या पत्र्याच्या बोगद्यांतून (डक्टमधून) खोल्याखोल्यांत गार हवा सोडणारं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आठ महिन्यांत जे काही बिघडलं त्यात मशीनचा दोष एकदाही निघाला नाही. डक्ट, ड्रेन (मशीनमधलं पाणी बाहेर नेणारा पाईप), इन्सुलेशन आणि सिलिंग यांनीच त्रास दिला, आणि बजेट करताना लोक नेमकं हेच धरत नाहीत.

सगळं मिळून खर्च आला ४ लाख ८८ हजार ९०० रुपये. त्यातली दोन मशीनं २ लाख ८ हजारांची, जीएसटीसकट. म्हणजे शंभरातले साडेबेचाळीस रुपये मशीनला आणि बाकीचे साडेसत्तावन्न भोवतीच्या कामाला. दुकानात मशीनची किंमत विचारून त्यावर ‘फिटिंगचे पन्नास हजार’ धरणाऱ्याचं बजेट हमखास दुपटीवर जातं. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे त्याआधीचं कुणाचं कोटेशन हाती असेल तर ते नव्याने मागवून घ्या.

भोवतीचं काम म्हणजे काय? जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा डक्ट ४४ चौरस मीटर, १,२५० रुपयांनी ५५,०००. त्यावर १९ मिलिमीटर नायट्राइल रबरचं इन्सुलेशन, ३३,०००. डँपरसकट (हवा कमी-जास्त करायच्या झडपांसकट) अकरा ग्रिल, म्हणजे हवेच्या जाळ्या, २४,०००. तांब्याचा पाईप इन्सुलेशनसह २३ मीटर, ३९,१००. ड्रेन ८,०००. केबल, एमसीबी, आयसोलेटर आणि थ्री फेजचा बोर्ड ३१,०००. विजेचा मंजूर लोड वाढवण्यासाठी डिपॉझिट धरून १८,०००. डक्ट झाकायला जिप्सम सिलिंग ३८० चौरस फूट, ३२,३००. भिंतीत सहा कोअर कटिंग (गोल भोकं) ९,०००. आऊटडोअरचे स्टँड आणि रबरी पॅड ९,५००. जोडणी, गळती बघायची नायट्रोजन चाचणी, व्हॅक्यूम (पाईपमधली हवा आणि ओल खेचून काढणं) आणि जादा भरलेला गॅस २२,०००. हे दर या एका घराचे आहेत. तुमच्याकडे आकडे पुढे-मागे होतील, पण कोटेशनमध्ये या ओळी वेगवेगळ्या दिसल्याच पाहिजेत. ‘डक्टिंग लमसम’ असं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा, कारण पत्र्याचा गेज (जाडी) आणि इन्सुलेशनची जाडी तिथेच कमी केली जाते.

याच खोल्यांना चार स्प्लिट एसी लावले असते तर दोन लाखांच्या आत काम झालं असतं, हेही सांगायला हवं. व्हीआरएफचं, म्हणजे एकाच आऊटडोअरवर सगळ्या खोल्यांची मशीनं चालवणाऱ्या यंत्रणेचं, कोटेशन ६ लाख ९० हजारांचं होतं, आणि त्याचं कंट्रोल बोर्ड बिघडलं तर माणूस हुबळी किंवा कोल्हापुराहून येणार. दोन स्वतंत्र मशीनं घेण्याचं तेच मोठं कारण. एक बंद पडलं तरी दुसरा मजला चालू राहतो, आणि दुरुस्ती गावातला मेकॅनिक करू शकतो.

किती टन, हा पहिला वाद

दोन कोटेशनांत साडेआठ टन सुचवलं होतं. हिशेब ठरलेला: शंभर चौरस फुटाला साधारण एक टन. बेळगावला हा हिशेब लावणं चूक आहे. गाव साडेसातशे मीटर उंचीवर, एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३५ ते ३७ च्या घरात गेला तरी रात्री हवा उतरते. अथणी, रायबाग, चिकोडीकडे ऊन जास्त आणि हवा कोरडी, तिथे टन थोडा वाढवावा लागेल. खानापूरकडे उलट: उष्णता कमी, ओल प्रचंड. बेळगाव शहर दोन्हींच्या मधे. खिडक्यांच्या दिशा, वरचा स्लॅब आणि माणसं धरून उष्णतेचा हिशेब केला तेव्हा एकूण गरज साडेपाच टनांच्या आसपास निघाली.

मोठं मशीन घेतलं तर बिघडतं काय, हे पावसाळ्यात कळतं. जुलैमध्ये बाहेर २२ अंश असतात, पण कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. तेव्हा एसीचं काम गार करण्यापेक्षा हवेतलं पाणी काढण्याचं असतं. कॉइल (मशीनमधली गार नळ्यांची जाळी) गार होऊन त्यावर पाणी साठायला आणि ते ट्रेमध्ये ओघळायला काही मिनिटं लागतात. मशीन गरजेपेक्षा मोठं असेल तर पाच-सहा मिनिटांत तापमान गाठून कॉम्प्रेसर थांबतो, आणि कॉइलवरचं पाणी पंख्याच्या वाऱ्याने परत खोलीत येतं. खोली गार आणि चादर दमट, अशी अवस्था. म्हणूनच थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’वरच ठेवा, ‘ऑन’वर नको. तीन टनाचं इन्व्हर्टर मशीन पावसाळ्यात हळू आणि सलग चालतं, आणि वरच्या मजल्याच्या ड्रेनमधून रात्रभरात बादली-दीड बादली पाणी निघतं. ही या घरातली सगळ्यात समाधानाची गोष्ट आहे.

उंचीचा आणखी एक परिणाम कोटेशनमध्ये कुणी धरत नाही. इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सात-आठ टक्के विरळ, म्हणून तेवढीच थंडी वाहून न्यायला हवा थोडी जास्त लागते. टनाला ४०० सीएफएम (मिनिटाला ४०० घनफूट हवा) हा नेहमीचा आकडा इथे खालची मर्यादा समजा.

टन ठरवण्याआधी गच्ची बघा. वरच्या स्लॅबवर ब्रिक बॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि पांढरी टाईल असेल तर बेडरूमचं मशीन निवांत चालतं. उघड्या स्लॅबखाली एसी लावणं म्हणजे तव्यावर बर्फ ठेवणं.

डक्ट: आवाज आणि परतीची हवा

तीन टनाला १,२०० सीएफएम. मुख्य डक्ट ४५० बाय ३०० मिलिमीटर ठेवला तर हवेचा वेग मिनिटाला सव्वाआठशे फूट राहतो आणि आवाज येत नाही. सिलिंग उंच राहावं म्हणून हाच डक्ट ३०० बाय २५० करायचा आग्रह इंटिरिअरवाले धरतात. त्यात वेग दीड हजार फुटांच्या घरात जातो आणि रात्री पाऊस पडल्यासारखी सळसळ ऐकू येते. ३०० चा डक्ट, दोन्हीकडून इन्सुलेशन आणि लटकवायची जागा धरून ४०० मिलिमीटर सिलिंग खाली येतं. त्यासाठी अख्ख्या घराचं सिलिंग उतरवायची गरज नाही. पॅसेज आणि खोलीची एक भिंत एवढ्यातच डक्ट फिरवा, खोलीच्या मधोमध मूळ स्लॅब आणि पंखा राहू द्या. २६ अंश आणि पंखा एकवर, हे २३ अंशांपेक्षा अंगाला बरं वाटतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: परतीची हवा. वरच्या मजल्याचं रिटर्न ग्रिल, म्हणजे खोल्यांतली हवा मशीनकडे परत नेणारी जाळी, पॅसेजमध्ये आहे. मोठ्या बेडरूममध्ये ४५० सीएफएम हवा जाते. दार लावलं की ती बाहेर येणार कुठून? ‘दाराखाली फट ठेवली आहे’ हे उत्तर मिळालं. हिशेब करून बघा. ९० सेंटिमीटर रुंद दार आणि २ सेंटिमीटर फट, एवढ्यातून ती हवा जायची तर वेग सेकंदाला बारा मीटरच्या जवळ लागेल. तेवढी हवा तिथून जात नाही. खोलीत दाब वाढतो, ग्रिलमधून हवा कमी येते, दार लावताना शिट्टी वाजते, आणि दोन तासांनी बेडरूम गरम, पॅसेज मात्र थंडगार. दाराच्या वर भिंतीत, खोलीतली हवा पॅसेजमध्ये जाऊ देणारं ४५० बाय ३०० चं ट्रान्सफर ग्रिल बसवल्यावर ते थांबलं. बोलणं पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंची ग्रिल समोरासमोर न ठेवता वर-खाली ठेवावीत आणि मधल्या पोकळीला आतून आवाज शोषणारं (अकूस्टिक) अस्तर लावावं. तीन खोल्यांना मिळून हे काम मागाहून १४,००० ला पडलं. वरच्या बेरजेत ते नाही. दारांच्या चौकटी बसायच्या आधी केलं असतं तर निम्म्यात झालं असतं.

त्याहून आधीचं काम स्लॅबच्या वेळचं. पाईप आणि डक्ट कुठल्या बीमखालून जाणार हे सेंट्रिंगच्या वेळीच ठरवून स्लीव्ह (भोकासाठी ठेवायची नळी) टाका. झालेल्या बीमला भोक पाडायचा विचारही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका.

पावसाळ्यात दिसलेले दोष

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पॅसेजच्या सिलिंगवर रुपयाएवढे पिवळे डाग आले, बरोबर दीड मीटर अंतरावर एकेक. गळती समजून प्लंबरला बोलावणं हा पहिला मोह असतो, पण ठरावीक अंतर दिसलं की हँगर, म्हणजे डक्ट लटकवलेल्या पट्ट्या, तपासा. डक्ट ज्या पट्टीवर टेकतो तिथे इन्सुलेशन दबून १९ चं सहा-सात मिलिमीटर झालं होतं. आत १३-१४ अंशांची हवा, बाहेर पावसाळी दमट हवा, त्यामुळे पट्टीवर दव जमून थेंब थेंब जिप्समवर. पट्टी आणि डक्ट यांच्यामध्ये कडक पफचे (फोमचे) ठोकळे घालून भोवती टेप मारल्यावर डाग थांबले. हे काम सिलिंग बंद होण्याआधीचं आहे. नंतर एकेक पट्टी शोधत सिलिंग फोडावं लागतं.

दुसरा दोष ड्रेनचा. डक्टेबल मशीनचा ब्लोअर कॉइलमधून हवा ओढतो, म्हणून ट्रेजवळची हवाही आत ओढली जाते. ड्रेनला पाण्याचा ट्रॅप नसेल तर पाईपमधून हवा आत येते, पाणी अडतं आणि ट्रे भरून सिलिंगवर सांडतं. ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी राहील असा यू हवा, पुढे मीटरला १० मिलिमीटर उतार, पाईप ३२ मिलिमीटरचा आणि त्यालाही इन्सुलेशन. हिवाळ्यात मशीन बंद असतं, ट्रॅप सुकतो. मार्चमध्ये पहिल्यांदा चालू करण्याआधी ट्रेमध्ये एक तांब्या पाणी ओता. जुलैत ट्रॅपमध्ये शेवाळ धरतं, तेव्हा तो उघडून धुता यावा म्हणून चिकटवलेल्या जोडाऐवजी युनियन (फिरवून खोलता येणारा जोड) घाला. ट्रेमध्ये फ्लोट स्विच सात-आठशे रुपयांत बसतो आणि पाणी चढलं की मशीन थांबवतो. तो मागून घ्या, आपणहून कुणी देत नाही.

तिसरी तक्रार सिलिंगच्या झाकणाची. कंत्राटदाराने ४५० बाय ४५० चा ट्रॅपडोअर ठेवला. फिल्टर निघतो, पण ब्लोअरची मोटर त्यातून खाली येत नाही. मशीनच्या लांबीएवढं, नाहीतर किमान ६०० बाय ६०० चं झाकण कंट्रोल बॉक्सच्या बाजूला हवं. जिप्समवाल्याला मशीनचं माप कळवायची जबाबदारी कुणाची, हे कामाच्या आधी लिहून ठरवा, कारण नंतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

तांब्याचं काम मात्र चोख निघालं. जोड देताना आतून नायट्रोजन सोडला होता, कंपनीच्या पुस्तकातल्या दाबावर २४ तास ठेवून बघितलं आणि मायक्रॉन गेजवर (व्हॅक्यूम बारकाईने मोजणाऱ्या मीटरवर) ५०० च्या खाली व्हॅक्यूम घेतलं. साध्या गेजवर व्हॅक्यूम बरोबर झालंय की नाही ते दिसत नाही, म्हणून मायक्रॉन गेज आणणार का हे आधी विचारा.

आऊटडोअर पूर्वेच्या बाजूला गच्चीवर, स्लॅबपासून ३०० मिलिमीटर उंच स्टँडवर आहेत. पश्चिमेकडून येणारा पावसाचा मारा चुकतो. केबल आत शिरण्याआधी खाली झोका देऊन घ्या, नाहीतर पाणी तिच्यावरून थेट बोर्डात जातं. साखर कारखान्याजवळच्या गावांत गळीत हंगामात काजळी बसते, तिथे फेब्रुवारी संपता संपता कॉइल पाण्याने धुवून घ्यावी.

विजेचा हिशेब

एसीला वेगळा सबमीटर लावला होता. मार्च ११०, एप्रिल २६५, मे ३१०, जून १४०, जुलै ९५, ऑगस्ट ९०, सप्टेंबर ६०, ऑक्टोबर ८५, एकूण १,१५५ युनिट. अधिभार आणि वीजकर धरून युनिटला पावणेसात रुपये लावले तर पावणेआठ हजारांच्या आसपास.

पण खर्च तेवढ्यावर थांबत नाही. हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीकडे मंजूर लोड ३ किलोवॅटवरून ९ किलोवॅट थ्री फेज करून घेतला. २०२५-२६ च्या दराने घरगुती स्थिर आकार किलोवॅटला महिना १४५ रुपये होता. वाढीव सहा किलोवॅटचे महिन्याला ८७०, वर्षाला १०,४४०. डिसेंबर-जानेवारीत मशीनला हातही लावला नाही तरी हे द्यायचेच. म्हणजे बेळगावच्या हवेत वापरलेल्या युनिटांपेक्षा मंजूर लोडच महाग पडतो. साडेआठ टन घेतलं असतं तर हा आकडा कायमचा आणखी वर गेला असता.

गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचंही धरा. महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. घरचा मूळ वापर १५० युनिट असेल तर सप्टेंबरचे ६० युनिटसुद्धा रेषा ओलांडायला पुरेसे आहेत. अशा घराने आठही महिने बिल धरूनच बजेट करावं.

देखभालीला दोन्ही मशीनं मिळून वर्षाला दहा-बारा हजार बाजूला ठेवा. फिल्टर दर पंधरा दिवसांनी घरीच धुता येतो, पावसाळ्यात तो पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

नवं बांधकाम चालू असेल आणि रात्री तीन खोल्या रोज वापरात असतील तर वरच्या मजल्यासाठी हे काम नक्की करावं. खालच्या हॉलचं मशीन एप्रिल-मे आणि पाहुण्यांचे दिवस सोडले तर फारसं चाललं नाही. तिथे दोन टनाचा एक स्प्लिट पुरला असता आणि लाख-सव्वा लाख वाचले असते. राहत्या घरात सिलिंग फोडून डक्ट घालायच्या फंदात पडू नका.

पैसे देताना शेवटचे दहा टक्के राखून ठेवा आणि ते जुलै संपल्यावर देण्याची अट वर्क ऑर्डरमध्ये लिहा. मार्चमध्ये हँडओव्हर झालेल्या कामात हँगरवरचं दव दिसत नाही आणि ड्रेनमधून धार वाहत नाही. मिरगाचा पाऊस लागून मशीन महिनाभर रात्रीचं चाललं, की सिलिंगखाली टॉर्च धरून प्रत्येक ग्रिलची कड आणि प्रत्येक हँगरखालची जागा हाताने चाचपून बघा, आणि मगच तो चेक द्या.