ओट्यावरची बाग : पाण्यावर रोपे वाढवणाऱ्या संचाचा पाच महिन्यांचा अनुभव

आमच्या पुण्यातील घरात स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेकडे आहे आणि तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत उभी आहे. त्यामुळे कुंडीत पुदिना किंवा कोथिंबीर लावण्याचा प्रत्येक प्रयत्न लांबट, फिकट काड्यांवर येऊन थांबत असे. अखेर जूनमध्ये मातीविना, पाण्यावर आणि एलईडी दिव्याखाली रोपे वाढवणारा १२ कप्प्यांचा संच ४,८०० रुपयांना मागवला. या धाटणीचे संच अनेक नावांनी विकले जातात आणि त्यांची रचना बहुतेक सारखीच असते; तेव्हा पुढील अनुभव इतरांनाही उपयोगी पडावा.

संचात चार लिटरची टाकी, पाणी खेळते ठेवणारा लहान पंप, जाळीचे पेले, स्पंजाचे तुकडे, खताच्या दोन बाटल्या आणि २४ वॅटचा दिवा आहे. खत दोन बाटल्यांत का दिले आहे, याचा खुलासा माहितीपत्रकात नाही, आणि ही मला मोठी उणीव वाटते. एका बाटलीत कॅल्शियम असते, तर दुसरीत फॉस्फेट आणि सल्फेट. ही दाट द्रावणे थेट एकमेकांत मिसळली की पांढरा साका खाली बसतो आणि ती अन्नद्रव्ये मुळांना मिळत नाहीत. माझी पहिली टाकी अशीच वाया गेली. टाकीत आधी पाणी भरावे, एक द्रावण घालून ढवळावे आणि मगच दुसरे घालावे.

पैशांचे खरे मोल दिव्यात आहे. तो रोज १४ तास सुरू ठेवला तर महिन्याला सुमारे १० युनिट वीज लागते, आणि ऐन पावसाळ्यात, सूर्यदर्शन दुर्मीळ झालेले असतानाही, पाने गर्द हिरवी राहिली. मात्र दिव्याची दांडी फार वर जात नाही, त्यामुळे उंच वाढणाऱ्या रोपाचे शेंडे दिव्याला टेकून करपतात.

बेसिलने सर्वांत चांगली साथ दिली. सोबत आलेल्या बियांखेरीज मी वाण्याकडचा सब्जाही एका कप्प्यात पेरला, कारण सब्जा हे त्याच वनस्पतीचे बी आहे. ओल्या स्पंजावर काही मिनिटांतच त्याभोवती बुळबुळीत आवरण आले आणि पाचव्या दिवशी अंकुर दिसला. त्याची पाने लहान निघाली आणि वास अधिक उग्र होता. पास्त्यापेक्षा तो ताकात मला जास्त आवडला. दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडावा, म्हणजे खालून दोन फांद्या फुटतात, आणि मंजिरी दिसताच ती काढावी, नाहीतर पानांची वाढ मंदावते.

पुदिन्याच्या बियांची वाट पाहण्याची गरज नाही. मंडईतून आणलेल्या जुडीतील जाड देठ खालची पाने काढून पाण्यात ठेवले, तेव्हा आठवड्याभरात त्यांना मुळे फुटली. पुढे हीच मुळे टाकीभर पसरून पंपाच्या तोंडात अडकू लागली, म्हणून पुदिना पंपापासून दूरच्या कोपऱ्यात लावावा आणि त्याची मुळे अधूनमधून कात्रीने छाटावीत.

कोथिंबिरीने मात्र निराशा केली, आणि ज्या घरात पोह्यांपासून आमटीपर्यंत तिच्यावाचून अडते तिथे ही निराशा लहान नाही. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून धणे लाटण्याने हलके रगडून रात्रभर भिजवले; आठ-दहा दिवसांत उगवणही चांगली झाली. पण लहानशा पेल्यात मावतील तेवढीच रोपे येतात, उष्ण स्वयंपाकघरात ती लवकर फुलोऱ्यावर जाऊ लागतात, आणि चार कप्प्यांतून दीड महिन्यात जे हाती आले त्याची एक जुडीही भरली नाही. वेष्टनावर मुख्य चित्र कोथिंबिरीचेच छापणे मला योग्य वाटत नाही. आता मी ती मातीच्या पसरट कुंडीत दाट पेरून त्याच दिव्याच्या कडेला ठेवते, आणि तिथे ती स्पष्टपणे अधिक भरते.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो; त्यामुळे रिकाम्या कप्प्यांवर बुचे बसवलेली असणे आवश्यक आहे. संचात ती फक्त चारच मिळाली. उरलेली छिद्रे मी जाड पुठ्ठ्याने झाकली, शिवाय टाकी दर आठवड्याला धुतली. छिद्रांतून आत जाणारा उजेड अडल्यामुळे पाण्यावर शेवाळ धरण्याचे प्रमाणही कमी झाले.

तिसऱ्या महिन्यात पंप बंद पडला. विक्रेत्याने हमीच्या मुदतीत तो बदलून दिला, पण त्यासाठी मला तीनदा फोन करावे लागले आणि नवा पंप यायला अकरा दिवस गेले. तोवर मी रोज सकाळी आणि संध्याकाळी टाकीतले पाणी हाताने ढवळत होते. सुटे स्पंज ते विकत नाहीत, त्याऐवजी जाळीच्या पेल्यात कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरले तरी चालते, फक्त त्याचे कण पंपात जाऊ नयेत म्हणून पेल्याच्या तळाशी सुती कापडाचा तुकडा घालावा. बेसिल आणि पुदिना नियमित लागत असेल आणि घरात ऊन येत नसेल, तर हा संच मी सुचवेन. ज्यांना केवळ कोथिंबीर हवी आहे त्यांनी फक्त दिवा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगली माती आणावी.