१९३२ चं घड्याळ, १९३७ चं नाव

टिळकवाडीतल्या एका निवृत्त गृहस्थांचे एक लाख ऐंशी हजार रुपये एका आयताकृती घड्याळात गेले. जुन्या वस्तूंचा एक दलाल घरी येऊन ते देऊन गेला. माल ‘रिव्हर्सो’, म्हणजे उलटून बसवता येणारं स्विस घड्याळ, आणि सोबत गोष्ट: बेळगावच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाने १९३२ साली पोलोसाठी घेतलेलं, विलायतेला परतताना एका संस्थानिकाला भेट दिलेलं. पाठीवर कोरलेली आद्याक्षरंसुद्धा होती. त्या गृहस्थांना विचारूनच हे लिहितो आहोत, कारण हीच गोष्ट लावून तसलंच घड्याळ निपाणी-खानापूरकडे पुन्हा दाखवलं जातंय.

गोष्ट पटते, कारण तिचा निम्मा भाग खरा आहे. रिव्हर्सोची कल्पना खरोखरच हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या अडचणीतून निघाली. खेळताना मार बसून घड्याळाची काच फुटायची. त्यावर उपाय असा, की केस, म्हणजे घड्याळाची धातूची पेटी, चौकटीत सरकवून उलटी करायची. काच आत जाते, धातूची पाठ वर येते. रने-आल्फ्रेड शोव्हो या फ्रेंच अभियंत्याने ४ मार्च १९३१ रोजी तिच्या पेटंटचा अर्ज केला. बेळगावात छावणी होती, भोवताली सांगली, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग ही संस्थानं होती. इतकं सगळं खरं असलं की मधलं खोटं नजरेतून सुटतं.

खोटं मात्र डायलवरच छापलेलं होतं. डायलवर ‘जेगर-लकूल्त्र’ असं नाव होतं, आणि रिव्हर्सो बनवणाऱ्या लकूल्त्र कंपनीने हे जोडनाव घेतलं १९३७ साली. सुरुवातीच्या कित्येक डायलवर नुसतं ‘रिव्हर्सो’ एवढंच असे. दुरुस्तीत डायल बदलली गेली असेल, असं विकणारा म्हणू शकतो. मग ते मूळ राहिलं नाही, आणि मूळ घड्याळाची किंमत मागता येत नाही.

दुसरी खूण सेकंदकाट्याची. सहाच्या आकड्याच्या वर छोटी चकती आणि तिच्यात बारीक काटा होता, पण तो हलत नव्हता. “तेल घातलं की सुटेल,” असं दलालाने सांगितलं. पुढे खडेबाजारातल्या घड्याळजीने केस उघडली, तेव्हा काटा डायलला चिकटवलेला निघाला. आत होतं जुन्या लेडीज घड्याळाचं गोल मशीन, भोवती पांढऱ्या प्लास्टिकची चौकट भरून घट्ट बसवलेलं. त्या मशीनला छोट्या सेकंदकाट्याची दांडीच नव्हती. रिव्हर्सोत सुरुवातीला तावान कंपनीची मशीनं घालत, १९३३ पासून लकूल्त्रने स्वतःचं आयताकृती मशीन आणलं. आयताकृती केसमध्ये प्लास्टिकच्या आधाराने बसवलेलं गोल मशीन दिसलं, की तिथेच व्यवहार थांबवावा.

पैसे देण्याआधी उघडू दिलं असतं तर हे पाच मिनिटांत कळलं असतं. “उघडलं की पाण्याचं सील जातं,” असं म्हणून दलालाने ते टाळलं. १९३१ च्या त्या केसला पाणी रोखणारं सीलच नव्हतं. पाण्यापासून जपणारी नवी केस १९८५ ची.

न उघडताही बरंच कळतं. डोळ्याला दहापटीचं भिंग लावा आणि मिनिटांची रुळासारखी दुहेरी रेघ चारही कोपऱ्यांत बघा. पुन्हा रंगवलेल्या डायलवर कोपऱ्यात रेघा जुळत नाहीत किंवा शाई फुटलेली असते. मग पाठीवरच्या कोरीवकामावर नख फिरवा. नव्वद वर्षांच्या वापराने अक्षरं बहुधा कडांना गोल झालेली असतात. इथे नख अडकत होतं, म्हणजे काम ताजं असावं. केस सरकवून उलटी करा, परत बसवा. खट्‌कन बसली पाहिजे, एका बाजूला फट राहता कामा नये. झिजलेलं अस्सल घड्याळही थोडं हलतं, म्हणून एवढ्यावरून मात्र निकाल देऊ नका.

सोन्याच्या बाबतीत आणखी एक फास आहे, आणि तो अस्सल घड्याळाचाच असतो. कार्तिए या फ्रेंच कंपनीची ‘मस्ट’ घड्याळांची मालिका १९७७ ची. तिच्यातली ‘टँक’ नावाची जुनी आयताकृती घड्याळं चांदीची असून वर २० मायक्रॉन सोन्याचा मुलामा असतो. कुणी ती अठरा कॅरेटची म्हणून विकतो. मुलामा इतका जाड, की सराफाने कसाला हलकं घासलं तर सोनंच उतरतं, आणि कॅरेट मशीनही वरचा थरच वाचतं. पाठीवर ‘९२५’ (चांदीची खूण) किंवा ‘प्लाके ऑर’ (फ्रेंचमध्ये सोन्याचा मुलामा) असं कोरलेलं आहे का, तेवढं भिंगातून वाचा.

ओदमार पिगे कंपनीची अष्टकोनी कडेची ‘रॉयल ओक’ दाखवली, तर कडेवरचे आठ स्क्रू बघा. षटकोनी डोकी खाचेत बसलेली असल्यामुळे ती फिरत नाहीत, आवळणी मागून होते. म्हणून आठही चिरा गोलाईच्या रेषेत येतात. वाटेल तशा वळलेल्या असतील तर घड्याळ परत द्या.

त्या गृहस्थांना सगळ्यात महाग पडली ती पावती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘एक जुने घड्याळ, जसे आहे तसे.’ ना कंपनीचं नाव, ना साल, ना धातू. दलाल तोंडाने जे जे सांगतो ते सगळं पावतीवर लिहून, सहीसकट घ्या. मशीनचा फोटोही त्याच दिवशी काढा.

निम्मी रक्कम यूपीआयने गेली होती. अशी फसवणूक लक्षात येताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. दलाल सीमेपलीकडचा, महाराष्ट्रातला असला तरी तक्रार बेळगावातच देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. त्या गृहस्थांच्या हाती पावती नसल्यातच जमा होती. पण दलालाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘१९३२ चं ओरिजिनल रिव्हर्सो’ हा मेसेज त्यांनी पुसला नव्हता, तोच आता तक्रारीला जोडलेला आहे.